रविवारची टाकी, बुधवारचा मासा

वारज्याहून एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, त्यातला मुद्द्याचा भाग असा:

"काका, दिवाळीच्या सुट्टीत मुलाच्या वाढदिवसाला दीड फुटी फिश टँक आणला. मुलगा चौथीत आहे. सहा गोल्डफिश आणि एक काळा 'क्लीनर' मासा. दुकानदार म्हणाले, दर रविवारी टँक साफ करायचा. आमच्याकडे 'हे' ते काम अगदी मन लावून करतात. सगळं पाणी काढतात, रंगीत खडे आणि फिल्टरचा स्पंज भांड्याच्या साबणाने घासून नळाखाली धुतात, काचा पुसतात, नळाचं पाणी भरतात आणि वर चार थेंब निळं औषध. सोमवारी टँक शोरूममधल्यासारखा दिसतो आणि मंगळवार-बुधवारी कुणीतरी पाण्यावर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागतं. एक गेला की दुसरा आणतो. आतापर्यंत अकरा गेले. सासूबाई म्हणतात, घरावरचं संकट माशाने अंगावर घेतलं, मनाला लावून घेऊ नका. त्यावर मुलगा विचारतो, आई, मग आपल्यावर इतकी संकटं का येतात? फिल्टरचा आवाज होतो म्हणून रात्री बंद करतो. आता दोन गोल्डफिश आणि तो क्लीनर उरलेत. एका गोल्डफिशच्या गालावर पांढरे ठिपकेही दिसतायत. कुणाला देऊन टाकू, की पाषाण तलावात सोडू? – मोजून दमलेली आई"

ताई, तुमच्या यजमानांना आधी एक सांगा. ते थोडे आळशी असते तर त्या अकरातले निम्मे आज जिवंत असते. हे टोमण्याने म्हणत नाही. माशांच्या बाबतीत हौशी माणसाकडून जी चूक होते ती कंटाळा केल्यामुळे फार क्वचित होते. बहुतेकदा ती जास्तीच्या स्वच्छतेने होते.

काय होतं ते नीट सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं तुमचं तुम्हालाच सुचेल. मासा खातो आणि त्याच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो, त्यातला बराचसा थेट कल्ल्यांतून. उरलेलं खाणं खड्यांत कुजतं, त्याचाही अमोनिया होतो. नदीत हे वाहून जातं. तुमच्या टँकमध्ये ते कुठे जाणार? मासा त्याच पाण्यात श्वास घेतो. अमोनियाने कल्ले जळतात, आणि कल्ले जळलेला मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो. आपल्याला वाटतं त्याला भूक लागली, म्हणून आपण आणखी चिमूटभर खाणं टाकतो.

यावर निसर्गाने सोय केलेली आहे. एक प्रकारचे जिवाणू अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात, आणि नायट्राइट हेही विषच. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट मासा बऱ्यापैकी सोसतो आणि अधूनमधून थोडं पाणी बदललं की ते निघून जातं. हे दोन्ही जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते चिकटून राहतात: खड्यांवर, काचेवर आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजवर. रविवारी यजमान स्पंज हातात घेतात तेव्हा त्यावर तपकिरी, बुळबुळीत, थोडा मातीसारखा वास येणारा थर असेल बघा. तो थर म्हणजे तुमच्या टँकचं मूत्रपिंड. ते तुम्ही दर आठवड्याला साबणाने धुऊन मोरीत सोडताय.

नव्या टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुमचा टँक दिवाळीपासून घरात असला तरी त्याचं वय कधीच सात दिवसांच्या पुढे गेलेलं नाही. दर रविवारी त्याचं बारसं होतं. सोमवारी पाणी कोरं असतं म्हणून मासे बरे दिसतात, दोन दिवसांत अमोनिया साठतो आणि मंगळवार-बुधवार उजाडतो. सासूबाईंना हे हिशेबासकट सांगा. संकट वार बघून येत नाही. आणि ही संकटाची गोष्ट दुकानांतही मोठ्या प्रेमाने ऐकवली जाते, कारण ती पटलेला माणूस पुढच्या आठवड्यात नवा मासा घ्यायला हजर असतो.

दुसरा घाव नळाच्या पाण्याचा. खडकवासल्याचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन घेऊनच आपल्याकडे येतं, आणि ते यायलाच हवं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळाच्या टोकाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावं असं धरलंय. तुम्हाला-मला तेवढ्याने काही होत नाही. आपण पाणी पोटात घेतो. मासा ते कल्ल्यांच्या नाजूक पडद्यावरून दिवसभर फिरवतो. आणि क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं, त्यामुळे साबणातून कुणी वाचलंच असेल तर ते इथे जातं.

ही चूक मीही केलीय, आणि तीही चांगली दहा-बारा वर्षं मासे पाळून झाल्यावर. आमच्या सोसायटीने गच्चीवरची टाकी धुऊन घेतली, ब्लीचिंग पावडर सढळ हाताने मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखं पाणी भरलं. नळाला वास येत होता, पण डोक्यात दुसरंच काहीतरी होतं. दुपारी जेवून उठेपर्यंत नऊ गप्पी आणि माझी लाडकी मॉली, सगळे तळाशी. कल्ले पांढरट पडले होते. तेव्हापासून मी बादलीवर नाक नेऊन वास घेतल्याशिवाय टँकमध्ये तांब्याभरही पाणी ओतत नाही. घरातले हसतात. हसू देत.

उपाय सोपा आहे. बादली उघडी ठेवून पाणी चोवीस तास राहू द्या, अधूनमधून ढवळा, साधं क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब घाला, बाटलीवर लिहिलंय तेवढेच; काही मिनिटांत काम होतं. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं. जुन्या फोटो स्टुडिओत 'हायपो' म्हणायचे तेच. आमच्या तरुणपणी असले थेंब मिळायचे नाहीत, तेव्हा ओळखीच्या फोटोग्राफरकडून पुडीत बांधून खडे आणायचो. तुम्ही मात्र थेंबच आणा, खड्यांचं माप चुकतं. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल, उन्हाळ्यात तर असतंच, तर तेही एकदम जास्त घालू नका. ते जड असतं, म्हणजे त्यात क्षार जास्त असतात, आणि माशाला एका दिवसात एवढा बदल झेपत नाही. आणि 'शुद्ध असतं' म्हणून आरओचं पाणी भरायचं कुणी सुचवलं तर नको म्हणा, त्यातले क्षार जवळपास निघून गेलेले असतात.

आता या रविवारचं बोलू. यजमानांची हौस मोडायची नाही, तिला वेगळ्या कामाला लावायचं.

टँक रिकामा करायचा नाही. मासे आतच राहू द्यात. प्यायच्या पाण्याची पारदर्शक नळी असते ना, तशी जाडसर नळी आणा. एक टोक खड्यांत, दुसरं खाली ठेवलेल्या बादलीत, आणि खड्यांमध्ये अडकलेली घाण पाण्याबरोबर खेचून घ्या. चौथा हिस्सा पाणी निघालं की थांबा. तुमचा टँक ४५ बाय ३० बाय ३० सेंटीमीटर धरला तर हिशेबाने चाळीस लिटर, पण खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी तीस-बत्तीस लिटरच असतं. म्हणजे आठ लिटर काढायचं, अर्धी बादली. त्या काढलेल्या पाण्यातच स्पंज बुडवून दोन-तीनदा हलकेच पिळायचा. नळाखाली अजिबात नाही, साबण तर या टँकच्या आसपासही नको. स्पंज तपकिरीच राहिला पाहिजे. पांढरा झाला तर जास्त धुतला असं समजा. काचेवर आतून हिरवं आलं असेल तर समोरची काच तेवढी पुसा, मागची राहू द्या. नवं पाणी घालताना दोन्ही पाण्यांत हात घालून बघा, गारवा सारखा वाटला पाहिजे. खड्यांवर ताटली ठेवून तिच्यावर ओता, म्हणजे खालचं ढवळून वर येत नाही. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला. तुमची तुळस काय खुलेल ते बघाच.

ही नेहमीची पद्धत झाली, आठवड्यातून एकदा. सध्या मात्र तुमचा टँक आजारी आहे, म्हणून पुढचे दोन-तीन आठवडे दर दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदला आणि अमोनिया-नायट्राइट मोजायचा किट आणा. पट्ट्यांपेक्षा थेंबांचा किट बरा. ज्या पैशात तुम्ही अकरा मासे आणले त्यात तो केव्हाच आला असता. मुलालाच करू द्या, चौथीतल्या पोराला रंग जुळवायला आवडतं. अमोनियाचा आकडा शून्याच्या वर दिसला की पाणी बदला आणि त्या दिवशी खाणं बंद. अमोनिया उतरला की मधे नायट्राइट चढेल. घाबरू नका, दुसरे जिवाणू मागून येतात. त्या दिवसांत लिटरला एक ग्रॅम साधं मीठ घाला, म्हणजे तुमच्या टँकला साधारण तीस ग्रॅम. ते मगभर पाण्यात विरघळवून थोडं थोडं ओता. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला माशाच्या रक्तात शिरू देत नाही. मीठ उडून जात नाही, तेव्हा दर वेळी पूर्ण माप घालू नका. जेवढं पाणी काढलं तेवढ्यापुरतंच घाला.

ओळखीत कुणाकडे वर्षभर चाललेला, मासे ठणठणीत असलेला टँक असेल तर त्यांच्या जुन्या स्पंजचा तुकडा मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये खोचा. आणताना त्यांच्याच टँकच्या पाण्यात, पिशवीत ओला ठेवा. विरजण लावण्यातलाच प्रकार. सहा आठवड्यांचं काम बरंच लवकर होतं. पण त्यांच्याकडे नुकताच मासा मेला असेल तर मात्र नको, विरजणाबरोबर रोगही येतो.

फिल्टर रात्री बंद करणं आजपासून थांबवा. त्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो, तो वाहत्या पाण्यातून मिळतो. मोटर बंद झाली की स्पंजमधले जिवाणू गुदमरायला लागतात, आणि सकाळी तुम्ही मोटर सुरू करता तेव्हा आतलं कुजकं पाणी टँकभर पसरतं. विजेची काळजी असेल तर हिशेब करा: असा छोटा फिल्टर आठेक वॅटचा असतो. चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे पावणेसहा युनिट. महिन्याला अमृततुल्यमध्ये चार कप चहा कमी प्यायलात की फिटलं. आवाजाचं कारण बहुतेक वेळा फिल्टर काचेला टेकून थरथरत असतो किंवा आतल्या पंख्यात केस-कचरा अडकलेला असतो. काढून साफ करा, काचेपासून बोटभर लांब बसवा.

खाण्याचं थोडक्यात. गोल्डफिशला जठर नसतं. हे कळल्यावर मलाही गंमत वाटली होती. साठवून ठेवायला जागाच नाही, म्हणून त्याला एका वेळी थोडंसंच लागतं, आणि म्हणूनच तो दिवसभर उपाशी असल्यासारखा मागे लागतो. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. दाणे आधी पाण्यात भिजवा. आठवड्यातून एक दिवस उपास. सासूबाईंना विचारून वार ठरवा, त्यांचाही सहभाग होईल. कधीतरी उकडलेल्या मटाराचं साल काढून, कुस्करून द्या.

आता गालावरचे ठिपके. निळं औषध ओतण्याआधी टॉर्च घेऊन बसा आणि माशाला बाजूने बघा. ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेवर असतील, एका ओळीत मांडल्यासारखे, आणि मासा खाऊन-पिऊन मजेत असेल, तर अभिनंदन, तो नर आहे आणि वयात आलाय. गोल्डफिशच्या नराला विणीच्या दिवसांत असे ठिपके येतातच. याच्यावर औषध मारून मारून माणसं धडधाकट नर घालवतात. तेच ठिपके अंगभर, शेपटीवर, रवा शिंपडल्यासारखे कुठेही असतील, मासा खड्यांना अंग घासत असेल, पर मिटून कोपऱ्यात बसत असेल, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, 'इक'. तो एका परजीवीमुळे होतो. ठिपक्यात असताना त्याच्यावर औषध लागू पडत नाही. तो गळून तळाशी जातो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि ते नवा मासा शोधत पोहायला लागतात. औषध त्यांनाच मारतं. म्हणून दोन दिवसांत ठिपके गेले म्हणून औषध थांबवू नका. दुकानातून ठिपक्यांवरचंच औषध आणा, बाटलीवरच्या मापाने, आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर चालू ठेवा. दर रविवारी सवयीने घालायचं निळं औषध मात्र बंद. ते बहुधा मिथिलिन ब्लू असतं, त्याला त्याची जागा आहे, पण मुख्य टँकमध्ये ते तुमच्या स्पंजमधल्या जिवाणूंवरही उठतं.

आता जरा कटू. दीड फुटी टँक हा सहा गोल्डफिशचा नव्हताच. दोघांचाही तो फार दिवसांचा नाही. नीट सांभाळलेला गोल्डफिश वीतभर होतो आणि दहा-पंधरा वर्षं जगतो. मुलगा कॉलेजात जाईल तेव्हाही तो असू शकतो. आहे त्या दोघांना सध्या इथेच राहू द्या, पण वर्षभरात त्यांना निदान शंभर लिटरचा टँक लागेल. तो घ्यायचा तर आधी जागा बघा, भरलेला टँक खडे, काच आणि स्टँड धरून दीडशे किलोच्या आसपास जातो, टीपॉयवर ठेवायची वस्तू नाही ती. खिडकीसमोर नको, एप्रिल-मेमध्ये पाणी तिशीच्या वर जाईल आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. गोल्डफिशला हीटर लागत नाही. दुकानदाराने गळ्यात मारला असेल तर परत करा. मोठा टँक परवडत नसेल, जागा नसेल, तर त्यात काही कमीपणा नाही. दोघांना मोठा टँक असलेल्या कुणाला तरी द्या आणि या दीड फुटीत सात-आठ गप्पी ठेवा. डासांसाठी महापालिकावाले डबक्यात सोडतात तेच घराणं, फक्त शेपट्या रंगीत. चिवट असतात, पिल्लं देतात, मुलाला मोजायला काहीतरी वाढणारं मिळेल. पण आधी सहा आठवडे होऊ द्या. तोवर एकही नवा मासा नको, दुकानावरून जातानाही नको.

राहिला तो क्लीनर. तो घाण साफ करत नाही. काचेवरचं शेवाळं खातो आणि स्वतः सगळ्यांपेक्षा जास्त घाण करतो. रात्री गोल्डफिशच्या अंगाला चिकटून वरचा चिकट थरही खरवडतो, तेव्हा सकाळी गोल्डफिशच्या कुशीवर लाल चट्टा दिसला तर संशय याच्यावर घ्या. आज बोटाएवढा आहे, वाढून फूट-दीड फुटाचा होतो. त्याला दुकानात परत द्या. नुसता परत द्या, बदल्यात काही घेऊ नका.

पाषाण तलावात मात्र त्याला नाही, गोल्डफिशलाही नाही, कुणालाच सोडू नका. मला माहीत आहे, तुमच्या मनात जीव वाचवायचं आहे. पण तो तलाव रामनदीवर आहे, रामनदी मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा उजनीत. उजनीच्या मच्छीमारांना 'हेलिकॉप्टर' मासा विचारा, काय काय ऐकवतात बघा. जाळी फाडणारा, कुणी विकत न घेणारा, खवल्यांच्या जागी चिलखत घातलेला तो मासा म्हणजे हाच तुमचा क्लीनर, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. कुणाच्या तरी टँकमध्ये मावेना म्हणून कुणीतरी असाच दयेने सोडलेला.

एक बारीकसं, पण पुण्यात राहून विसरून चालत नाही. पाणी बदलायचा वार शुक्रवार ठेवू नका. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असलं की शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने येतं, आणि साठवलेल्या बादलीवर घरात सगळ्यांचाच डोळा असतो. शनिवारी सकाळी बादली भरा, वर ताट झाकू नका, 'माशांचं पाणी' अशी चिठ्ठी चिकटवा, रविवारी सकाळी वापरा. किटचे आकडे मुलाला वहीत लिहायला सांगा, तारखेसकट. तीन आठवड्यांनी त्या पानाचा फोटो मला पाठवा, नायट्राइट कुठे अडकलंय ते बघून पुढचं सांगतो.